राणीला भोवळ का आली?

डिसेंबर लागला की माझ्या दवाखान्यातल्या नेहमीच्या सर्दी-खोकल्याच्या रांगेत आणखी एक गर्दी मिसळते. घसा बसलेला मुलगा, गालावर लाल चट्टे उठलेली मुलगी, लेझीम खेळताना पाय मुरगळलेला एखादा पहिलवान. बरोबर आईवडिलांपेक्षा बहुतेक वेळा शाळेतले सर किंवा बाईच असतात आणि खुर्चीवर बसायच्या आत त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, शुक्रवारपर्यंत बरा होईल ना? शुक्रवारी गॅदरिंग आहे."

वाशिमसारख्या गावात गॅदरिंगचे दिवस हेच आहेत. दिवाळीची लांब सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू झालेले असते, सहामाहीचे पेपर वाटून झालेले असतात आणि वार्षिक परीक्षा अजून लांब असते. मराठी शाळांना नाताळाची एकच दिवस सुट्टी, इंग्रजी शाळांना आठवडाभर. पण नाटकात असलेल्या मुलांना दोन्हीकडे सुट्टी अशी नसतेच. सुट्टीत तर तालीम जास्त. २०२५ पासून दहावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीतच येऊ लागली आहे. त्यामुळे दहावीची मुले नाटकात घेत नाहीत आणि मोठ्या भूमिकांचा सगळा भार आठवी-नववीवर पडतो.

आधीच सांगून टाकतो, शाळेच्या नाटकाचा मी विरोधक नाही. लहानपणी मीही भालदार झालो होतो. वाट्याला एकच वाक्य होते आणि पडदा उघडल्यावर तेही मी विसरलो. तेव्हापासून तासभर नाटक तोंडपाठ म्हणणाऱ्या मुलांविषयी मला मनापासून आदर आहे. आजचा लेख त्यांच्यासाठी, त्यांच्या पालकांसाठी आणि त्यांच्याइतकेच दमलेल्या त्यांच्या शिक्षकांसाठी आहे.

गोष्ट मागच्या हिवाळ्यातली. इथल्या एका शाळेत इतिहासाच्या सरांनी स्वतः नाटक लिहिले होते आणि विषयही गावचाच घेतला होता. आजचे वाशिम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेतल्या हरिषेण राजाच्या काळात, पाचव्या शतकात, अजिंठ्याची काही लेणी कोरली गेली आणि सोळा क्रमांकाच्या लेण्यात त्याचा प्रधान वराहदेव याचा शिलालेख आहे. सरांनी या हरिषेणाचा दरबार रंगमंचावर उभा करायचे ठरवले. राणीचे काम नववीतल्या एका मुलीकडे होते. मुलगी जवळच्या खेड्यातून एसटीने येणारी, आवाज खणखणीत, पाठांतर पक्के. सर म्हणाले, तिला दुसऱ्यांची वाक्येसुद्धा पाठ होती.

रंगीत तालमीच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास राणी दरबारात उभी होती. कमरेला घट्ट आवळलेला शालू, डोक्यावर पुठ्ठ्याचा पण चांगला वजनदार मुकुट, तोंडावर दोन मोठे दिवे. राजाचे भाषण लांब होते (पुढे ते कापले). भाषण संपायच्या आत राणी जागीच कोसळली.

मग जे सगळीकडे होते तेच झाले. कुणी कांदा आणायला धावले, कुणी चप्पल काढली, कुणी तोंडावर तांब्या ओतला, पंधरा-वीस मुली भोवती गोळा झाल्या आणि मागून एक आवाज आला, "अंगात आलं वाटते." रिक्षात घालून तिला माझ्याकडे आणले तोवर पोरगी शुद्धीवर येऊन रडत होती. पडल्याचे दुःख नव्हते. आता आपले काम दुसरीला देतील, ही भीती होती.

तासाभराने वडील मोटारसायकलवरून आले. मागे आई आणि मधोमध आजी. आजीने दवाखान्याच्या पायरीवरच मुठीतली मीठ-मिरची तिच्यावरून उतरवली आणि वडिलांनी निकाल देऊन टाकला, "डाक्टरसाहेब, हे नाटकबिटक बंद करतो आता. पोरीले नजर लागली."

मी मुलीकडे वळलो. "बेटा, सकाळपासून काय काय खाल्लं?"

"चहा पेली. एक टोस्ट खाल्ला."

"डबा?"

"आणला होता. दुपारच्या सुट्टीत तालीम होती न, मंग राह्यला."

"आणि पाणी किती प्यायलीस?"

यावर ती काहीच बोलली नाही. बाईंकडे पाहू लागली. बाईंनीच मान खाली घालून सांगितले, की मुलींच्या बाजूच्या दोन संडासांपैकी एकाला कडी नाही आणि दुसऱ्याला पाच वाजल्यानंतर कुलूप लागते. म्हणून तालमीला थांबणाऱ्या मुली दुपारपासून पाणीच पीत नाहीत.

शाळेचे नाव विचारू नका. मी हे चार ठिकाणी बोललो तेव्हा चारही ठिकाणच्या बायांनी "आमच्याकडेही असंच" म्हटले.

त्या मुलीच्या दिवसाचा हिशेब मी कागदावर मांडला. साडेपाचला उठणे, पाणी भरणे, आईला भाकरीला हात लावणे. नऊची एसटी. पास मोफत आहे ही सरकारची मोठी सोय, पण बस वेळेवर असेल तर. अकरा ते पाच शाळा. पाच ते सात तालीम. साडेसातची शेवटची गाडी आणि घरी पोचायला सव्वाआठ. उठल्यापासून जेवायला बसेपर्यंत जवळजवळ पंधरा तास आणि पोटात एक चहा, एक टोस्ट. रविवारी आणि नाताळाच्या दिवशी आराम असेल म्हणावे, तर त्या दिवशी सकाळी कापसाचा वेचा होता.

पंधरा तासांचा उपास धडधाकट माणूसही एखादवेळी काढतो. पण या मुलीची पापणी खाली ओढून पाहिली तर आतला भाग जिथे लालबुंद हवा तिथे कागदासारखा फिकट. नखे पांढुरकी. नाडी भरभर चाललेली. रक्त तपासले, हिमोग्लोबिन ८.२ निघाले. या वयाच्या मुलीला ते निदान १२ हवे. मग आईला बाजूला घेऊन विचारले, तेव्हा कळले की पाळी आठ-आठ दिवस चालते आणि अंगावरून खूप जाते, पण "सगळ्यायलेच जाते" म्हणून कुणी मनावर घेतले नव्हते. बोलता बोलता मी आईचीही पापणी पाहिली. लेकीपेक्षा वेगळी नव्हती.

भोवळ कशी येते ते थोडक्यात सांगतो, म्हणजे नजर, करणी, अंगात येणे यांचा विचार करावा लागणार नाही. माणूस उभा राहिला की रक्त खाली पायांकडे ओढले जाते. आपण चालतो-फिरतो तेव्हा पोटऱ्यांचे स्नायू आवळून ते वर ढकलतात. पण दरबारातल्या राणीला हलायची परवानगी नसते. बराच वेळ ताठ उभे राहिले, त्यात दिव्यांची धग, कमरेला आवळलेला कपडा, अंगात पाणी कमी, पोट रिकामे, मनात धाकधूक. अशा वेळी नाडी अचानक मंदावते, रक्तदाब उतरतो आणि मेंदूला काही सेकंद रक्त कमी पडते. डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस खाली पडतो. आडवा झाला की रक्त आपोआप डोक्याकडे जाते आणि तो शुद्धीवर येतो. परेडमध्ये उभे असलेले जवानसुद्धा असे पडतात. रक्तच मुळात पातळ असेल तर हे लवकर होते, इतकेच.

म्हणून अशा वेळी आडवे पडू द्यायचे. उचलून खुर्चीत बसवायचे नाही. पाय उशीवर किंवा दप्तरावर वर ठेवायचे, कमरेचे-गळ्याचे सैल करायचे, गर्दी हटवायची. पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी ओतायचे नाही; ते श्वासनलिकेत जाऊ शकते. कांदा आणि चप्पल जागच्या जागी राहू द्या. एक-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, हातपाय झटकू लागले, छातीत दुखत होते किंवा पडताना डोक्याला मार लागला, तर मात्र १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवायची. आणि धावता धावता, खेळाच्या ऐन भरात जे मूल कोसळते, त्याच्या हृदयाची तपासणी करूनच घ्यायची. ती साधी भोवळ समजू नये.

मुलींचे रक्त

ही एका घरची गोष्ट असती तर मी लेख लिहिला नसता. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या मुलांत हे प्रमाण ३१ टक्के होते. म्हणजे नववी-दहावीच्या वर्गात मुलींच्या बाकांवरून नजर फिरवा, निम्म्याहून जास्त जणींचे रक्त कमी. त्या धापा टाकत जिना चढतात, तासाला पेंगतात आणि घरात 'आळशी' ठरतात. आपला वाशिम जिल्हा २०१८ मध्ये देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घेतला गेला. त्या कार्यक्रमाच्या मोजपट्टीत आरोग्य आणि पोषणाला सर्वांत मोठ्या वाट्यांपैकी एक वाटा दिलेला आहे, तो उगीच नव्हे.

यातली एक गोष्ट पालकांच्या सहसा ध्यानात येत नाही. शाळेत शिजणारा पोषण आहार पहिली ते आठवीपर्यंतच मिळतो. मूल नववीत गेले की ते ताट बंद. नेमके हेच वय उंची वाढायचे आणि पाळी नुकतीच स्थिर व्हायचे. आणि नाटकातल्या मोठ्या भूमिकाही नववीलाच. आठवीपर्यंत जी मुलगी दुपारी खिचडी खात होती, ती नववीत डब्यावर अवलंबून असते आणि डबा तालमीत राहून जातो.

शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी मिळते. या मुलीलाही मिळत होती. ती दप्तरात ठेवी आणि बसच्या खिडकीतून टाकून देई, कारण एकदा मळमळले होते आणि शी काळी झाली होती. शी काळी होणे हा गोळीचा साधा परिणाम आहे, त्यात धोका काही नाही. उपाशीपोटी घेतली तर मळमळते. जेवणानंतर घेतली तर बहुधा त्रास होत नाही. दोन नियम मात्र पाळायचे. गोळीच्या किंवा जेवणाच्या आगेमागे तास-दीड तास चहा नको, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. आणि बरोबर काहीतरी आंबट घ्यायचे. आपण संत्र्याच्या मुलखातले लोक, पण पेरूत संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त 'क' जीवनसत्त्व असते आणि डिसेंबरात तो स्वस्तही असतो. आवळा त्याहून वरचढ.

एकदा रक्त इतके उतरले की आठवड्याची एक गोळी पुरत नाही. रोज घ्यावी लागते आणि निदान तीन महिने. किती घ्यायची ते डॉक्टर ठरवतील. पोटातल्या जंतांचे औषध बरोबरच द्यावे लागते, कारण काही जंत आतड्याला चिकटून रक्तच पितात. शेतात अनवाणी वावरणाऱ्या मुलांना ते जास्त होतात.

आणखी एक तपासणी मी तिची करवून घेतली, ती म्हणजे सिकलसेलची. विदर्भात हा आजार आहे, ही गोष्ट डॉक्टरांनी आणि पालकांनी कधीच विसरू नये. यात रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात. हा आईवडिलांकडून येतो, तो करणीने किंवा खाण्याने होत नाही. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ पासून याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून बाधित आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी करायचे ठरवले आहे. रक्त कमी दिसले की डोळे झाकून लोहाच्या गोळ्या देत राहणे अशा मुलांत चुकीचे ठरू शकते. त्यांच्यासाठी हिवाळा तर विशेष जपण्याचा. थंडी आणि अंगातले पाणी कमी होणे या दोन्ही गोष्टींनी त्यांच्या पेशी अडकतात आणि हाडे-सांधे असह्य दुखू लागतात. रात्रीच्या तालमीनंतर एखादे मूल वारंवार हातपाय दुखतात म्हणून रडत असेल, तर त्याला "नाटकं करतो" म्हणू नका, रक्त तपासा. या मुलीची तपासणी सुदैवाने निर्मळ निघाली.

आता राहिला वडिलांचा निकाल. मी त्यांना म्हटले, "भाऊ, नाटक नसतं तर ही अजून वर्षभर अशीच ओढत राहिली असती आणि तुम्हाला कळलंही नसतं. पाच मिनिटं उभं राहण्याचं त्राण हिच्यात नाही, हे नाटकानं दाखवलं. नाटक बंद करून रक्त वाढणार आहे का?" ते गप्प राहिले. आजीच म्हणाली, "पण पुन्ना पडली तं?" प्रश्न रास्त होता. मी सरांकडे पाहिले. सर म्हणाले, "राणी बसून बोलेल. दरबारात राणीला आसन असतंच की!" एवढ्या साध्या गोष्टीसाठी पोरीला आधी पडावे लागले.

चेटकिणीचा घसा

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका शाळेतला मुलगा आला. आला म्हणजे खुणा करीत आला, कारण आवाज पूर्ण गेला होता. त्यांच्याकडे रत्नाकर मतकरींचे 'अलबत्या गलबत्या' बसवत होते आणि हा चेटकीण होता. ती चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली, हे त्याला आजोबांनी सांगितले होते. झाले! तीन आठवडे हा रोज दोन तास घसा खरवडून किंचाळत होता, तोही माईकशिवाय, मोकळ्या मैदानात, थंडीच्या वाऱ्यात.

आपल्या गळ्यात स्वरतंतूंची एक जोडी असते. बोलताना हे दोन तंतू एकमेकांवर आपटतात; मोठ्या पुरुषाच्या आवाजात सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, बाईच्या आवाजात दोनशेच्या आसपास, लहान मुलाच्या आवाजात त्याहूनही जास्त. ओरडताना ते जोराने आपटतात आणि सुजतात. या मुलाचे वय तेरा. या वयात मुलांचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते, आवाज फुटतो, एकाच वाक्यात बापाचा आणि बाळाचा असे दोन आवाज निघतात. अशा कच्च्या दिवसांत चेटकिणीचा आवाज लावणे म्हणजे ओल्या सिमेंटवरून चालण्यासारखे आहे.

वडिलांचे म्हणणे होते, "एक सुई टोचा, शनिवारपुरता आवाज आला पाहिजे." सूज झटकन उतरवणारी इंजेक्शने आहेत, नाही असे नाही. पण सुजलेल्या तंतूंना दुखणे लपवून पुन्हा किंचाळायला लावले, तर तिथे कायमची गाठ येऊ शकते. मी नकार दिला. तीन दिवस गप्प बस, पाणी भरपूर पी आणि नुसत्या गरम पाण्याची वाफ घे, एवढेच सांगितले. कुजबुजूनही बोलायचे नाही. लोकांना वाटते कुजबुजले की घशाला आराम पडतो, पण त्याने तंतूंवर ताण येतो. सारखे खाकरणेही तसेच वाईट. ज्येष्ठमध, खडीसाखर, आल्याचा काढा यांनी घशाला बरे वाटते, जरूर घ्यावे; पण आपण जे गिळतो ते अन्ननलिकेत जाते, स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. तिथे पोचते ती वाफ.

सरांना मात्र मी दोन गोष्टी सुचवल्या. तालीम वर्गात घ्यावी आणि रोज पूर्ण आवाजात घेऊ नये; वाक्ये, जागा, हालचाली हलक्या आवाजात बसवाव्यात आणि पूर्ण आवाज शेवटच्या दोन-तीन तालमींपुरता ठेवावा. चेटकीण चेहऱ्याने आणि चालीनेही भीती दाखवू शकते. मुलाचा आवाज चौथ्या दिवशी परतला. दोन-तीन आठवड्यांतही घोगरेपणा गेला नाही, तर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायला अकोला गाठावे लागले तरी गाठावे.

आवाज बसण्याचे एक कारण झोप हेही असते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रात्री आठ ते दहा तास झोप लागते. तालमीहून आठला आलेले मूल जेवून, अभ्यास करून दहाला झोपेल तर ठीक. पण नाटकाचा गट मोबाईलवर असतो आणि तिथे रात्री बारापर्यंत दुसरी तालीम चालते. इंग्रजी शाळांच्या नाताळ सुट्टीत तर बाराचे दोन होतात. माझे घरचे अनुभव सांगत बसत नाही.

रंगाबद्दल थोडेसे. चट्टे उठलेल्या पोरांची कारणे ठरलेली असतात. मारुतीच्या कामासाठी तोंडाला शेंदूर फासू नका. शेंदरात शिसे असू शकते आणि ते ओठावाटे पोटात जाते. रंगभूषेचे रंगच वापरा, आधी खोबरेल तेलाचा हात फिरवा आणि मिशीचा डिंक गालावर लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा. रंग काढायला तेल आणि कापूस. एका बाईंनी ऑइलपेंट रॉकेलने पुसला होता, त्या मुलाचा गाल पंधरा दिवस सोलत होता.

मंडपाचे दुसरे दार

गॅदरिंगला मला बहुधा पहिल्या रांगेत बसवतात, काही झाले तर डॉक्टर हाताशी असावा म्हणून. तिथे बसण्याआधी मी एकदा मागे चक्कर मारून दारे मोजतो. शिपाई हसतात. याला कारण आहे. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियानातल्या सिरसा जिल्ह्यात डबवाली या गावी एका शाळेचा वार्षिक समारंभ चालू होता. आपल्या वाशिमसारखेच छोटे गाव, हेच दिवस, अशीच पालकांची गर्दी. विजेच्या तारांतून ठिणगी पडून मंडप पेटला. कापड कृत्रिम धाग्याचे, ते वितळून जळते थेंब खाली पडू लागले. बाहेर पडायची वाट एकच होती. चारशेहून अधिक माणसे गेली, त्यांत मुलांची संख्या फार मोठी होती. वाचलेल्यांपैकी कित्येकांनी पुढची वर्षे भाजल्याच्या जखमांवर उपचार घेण्यात काढली.

म्हणून सांगतो, मंडपाला किंवा सभागृहाला दोन रुंद वाटा उघड्या असल्याच पाहिजेत, कुलूप नको आणि वाटेत खुर्च्या नकोत. उघड्या तारा, एका पिनेवर पाच दिवे, नायलॉनच्या साड्यांचे पडदे आणि त्याच पडद्याआड आरतीचे ताट, हे मी गेल्या काही वर्षांत अनेकदा पाहिले आहे. विंगेत दोन बादल्या वाळू ठेवा. विजेची आग असेल तर पाणी टाकू नका, आधी मेन स्विच बंद करा. कपड्याने पेट घेतला तर पळू द्यायचे नाही, जमिनीवर लोळवायचे किंवा सुती-लोकरी घोंगडीत गुंडाळायचे. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडायचे. शाई, टूथपेस्ट, हळद काही लावायचे नाही.

त्या शाळेच्या सभागृहाचे मागचे दार बंद होते आणि त्यापुढे बाकांचा ढीग होता. मुख्याध्यापकांना सांगितले, त्यांनी तेव्हाच्या तेव्हा चार मुले लावून बाके हलवली. किल्ली मात्र सापडेना. शेवटी कुलूप तोडले. संडासाच्या दाराला कडी तोवर बसली होती. तालीम संपेपर्यंत त्याची किल्ली बाईंच्या पर्समध्ये राहू लागली होती. तालमीच्या आधी साडेचार वाजता वीस मिनिटांची खाण्याची सुट्टीही पडली होती. पालकांनी आळीपाळीने आणायचे ठरवले, कधी शेंगदाणे-गूळ, कधी फुटाणे आणि केळी. आजी एक दिवस भगोणंभर उकडलेल्या तुरीच्या शेंगा घेऊन आल्या, त्या राजा-प्रधानांनी पाच मिनिटांत संपवल्या. हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणाही एकदा झाला, वर लिंबू पिळून. लोहासाठी याहून वेगळे टॉनिक मला सांगता येणार नाही.

प्रयोगाच्या संध्याकाळी विंगेत गेलो तेव्हा राणीचे हात बर्फासारखे गार होते. तोंडाला कोरड पडली होती, छाती धडधडत होती आणि ती तिसऱ्यांदा लघवीला जाऊन आली होती. "सर, मी पुन्हा पडन का?" मी म्हटले, हे रक्त कमी असल्याचे लक्षण नाही, हे नाटकाचे लक्षण आहे. भीती वाटली की शरीर पळायची तयारी करते, म्हणून धडधड. मोठ्या नटांनाही होते. चार आकडे मोजत श्वास घे, सहा मोजत हळूहळू सोड. असे दहा वेळा कर आणि दोन घोट पाणी पी. भाकरी खाल्लीस ना? तिने मान हलवली. बाई म्हणाल्या, दीड खाल्ली, ठेच्याबरोबर.

पडदा उघडला. राणी आसनावर बसली होती. राजाचे भाषण अर्धे कापूनही थोडे लांबच होते, पण राणी ते शांतपणे ऐकत राहिली आणि तिची पाळी आली तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत आवाज गेला. एके ठिकाणी राजा अडला. राणीने ओठ न हलवता त्याला वाक्य पुरवले, ते पहिल्या रांगेत मला ऐकू आले. आजी शेजारी बसली होती. तिने पदराने डोळे पुसले आणि मला विचारले, "हिच्या मायले बी गोळ्या चालू करता का?"

महिनाभराने मुलीचे हिमोग्लोबिन ९.४ होते. तिसऱ्या महिन्यात ११.६. पाळीसाठी तिला बाईडॉक्टरांकडे पाठवले आहे. आईच्या गोळ्या अजून सुरू आहेत.